दिव्यांभोवतीची रंगीत कडी

४ ऑक्टोबर

मावशी,

नमस्कार मागाहून करते, आधी बातमी ऐक. तुझ्या खिडकीसमोरच्या जुन्या दगडी पुलाला रात्रीचे दिवे लावायचं काम मला मिळालं. मला! साहेबांच्या हाताखाली नाही, माझ्या एकटीच्या भरवशावर. साहेबांनी टेबलाशी येऊन सांगितलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि तशीच खाली बसले. ज्या पुलावरून तू मला हाताला धरून शाळेत न्यायचीस आणि मधल्या कमानीवर आलं की मी "खाली बघायचंय" म्हणून बसकण मारायची, तोच हा पूल.

आता अडचण. पालिकेने एक समिती नेमलीय. तिची अट अशी की पूल उजळला पाहिजे, पण नदीकाठच्या एकाही घरात उजेड शिरता कामा नये. शिरला तर काम माझ्या हातून जाणार, आणि पहिलंच काम गेलं तर दुसरं कोण देणार? म्हणून चाचणीसाठी तुमच्या बाजूच्या दोन कमानींना आधी दिवे लावलेत. ते रोज संध्याकाळी लागतील. मला महिन्यातून एकदाच तिकडे येता येतं. उजेड मोजायचा मीटर आकडे सांगतो, पण माणसाच्या डोळ्यांना काय वाटतं ते सांगत नाही. मला तिथे राहणारे डोळे हवेत. आणि तू रफू केलेल्या कोटाचं भोक खुद्द कोटाच्या मालकाला सापडत नाही, तेव्हा तुझ्यापेक्षा भरवशाचे डोळे मी कुठून आणू?

एकच नियम पाळ. बघण्याआधी घरातले सगळे दिवे बंद कर, अर्धा तास अंधारात स्वस्थ बस, मग खिडकीपाशी जा. आमच्या धंद्यातली पहिली शिकवण हीच. उजेडातून आलेला डोळा खोटं बोलतो, अंधारात मुरलेला खरं.

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू माझ्या जेवणाची चौकशी करतेस आणि काम राहून जातं. लिहून पाठव. तुझी पत्रं टेबलावर ठेवून मी दिवे हलवणार आहे.

तुझी,
ठिणगी


१२ ऑक्टोबर

ठिणगे,

अगं बाई! तुझं पत्र वाचता वाचता सुई बोटात घुसली. माझ्या भाचीने पूल उजळायचा आणि मी पहारा करायचा! तुझ्या काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "संध्याकाळी अर्धा तास घरात वीज नाही? पोरगी पहिल्यांदा काही कामाचं बोलली." पाणीपुरवठ्याच्या पंपावर जन्म काढलेला माणूस, नोकरी संपली तरी मीटरकडे बघायची सवय जात नाही.

पहिल्या दिवशी दिवे लागले आणि मी दचकलेच. या घरात आल्यापासून तो पूल रात्रीचा म्हणजे नुसता काळा ढीग. आणि एकदम कमानीच्या पोटातला दगड न् दगड दिसायला लागला! परका माणूस उघड्यावर अंघोळ करताना दिसावा तसं झालं मला, मान फिरवावीशी वाटली. काका म्हणाले, "मग फिरव." मी फिरवली नाही.

आता तुझं काम. दगडांच्या सांध्यांत कुणीतरी अलीकडे चुना भरलाय. रफू म्हणायच्या लायकीचं नाही ते, ठिगळ आहे, आणि तुझ्या पांढऱ्याफटक उजेडात उठून दिसतं. दिवसा दिसत नव्हतं. उजेड जरा पिवळट केलास तर लपेल. दुसरं म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर उजेडाचा एक पट्टा येतो. म्हणजे तुझ्या समितीने पाहिलं तर संपलंच.

अंधारात बसायला मला आवडायला लागलंय. दिवसभर सुईकडे बघितल्यावर डोळ्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं. उठल्यावर कपाळ जरा जड होतं, पण ते आपलं वयाचं.

नीट जेव.

मावशी


१७ ऑक्टोबर

मावशी,

तू थोर आहेस. चुन्याचं इथे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. वायरमनला सांगून दिवे पिवळट करून घेतलेत आणि पहिल्या कमानीचा दिवा खाली वाकवलाय. छतावरचा पट्टा गेला का ते कळव.

उघड्यावर अंघोळीचं मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणाले, "हीच तर भीती असते. फार दाखवायचं नाही." म्हणजे तुला न विचारता तू त्यांच्या पंगतीला जाऊन बसलीस.

अर्धा तास खरंच बसतेस ना? मधे उठून स्वयंपाकघरातला दिवा लावत नाहीस ना? मी तुला ओळखते. एकदा जरी दिवा लावलास तरी बसलेलं सगळं फुकट जातं. जमलं तर पाऊण तास बस. नवा रंग मवाळ आहे, तो कळायला डोळे आणखी मुरायला हवेत.

कपाळ जड होतं म्हणजे चष्म्याचा नंबर बदलला असणार. दाखवून ये. माझ्या कामासाठी नव्हे, तुझ्या कामासाठी.

ठिणगी


२९ ऑक्टोबर

ठिणगे,

छतावरचा पट्टा गेला. चुन्याची ठिगळं गेली. आणि आता एक गंमत, मला तर बघून धक्काच बसला. तू सांगितली नाहीस, मला चकित करायचं होतं वाटतं?

परवापासून तुझ्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आत निळसर, बाहेर तांबडं, मधे सगळे रंग. आधी दिसत नाहीत. अंधारात बराच वेळ बसलं की हळूहळू उमटतात. कमानीचा दगड धूसर होतो आणि दिव्यांची नुसती फुलं होतात. मी काकांना हाक मारली, "अहो, या बघायला, पोरीने काय करून ठेवलंय!" ते आले, बघितलं, म्हणाले, "दिवे आहेत." त्यांना कलेतलं काय कळणार? त्यांना नळ कळतो.

चष्मेवाल्याकडे जाऊन आले. भर दुपारी गेले, त्याने अक्षरं वाचायला लावली, सगळी वाचली. म्हणाला, "आजी, नंबर आहे तोच आहे, पैसे घालवू नका." असा प्रामाणिक दुकानदार बघून मी अवाक झाले. तरी उजव्या भुवईवर दुखतं, संध्याकाळी. अंधारात बसून उठलं की जास्त. मग जेवून झोपले की सकाळी काही नाही, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. त्यामुळे काळजी करू नकोस, आणि काकांना फोन करून मला डॉक्टरकडे न्यायला लावू नकोस.

कडी ठेवणार आहेस ना? काढू नकोस गं.

मावशी


४ नोव्हेंबर

मावशी,

कडी! तुझं पत्र मी तीन जणांना वाचून दाखवलं. मी अशी कडी ठेवलेली नाहीत, आणि म्हणूनच मी हैराण झालेय. माझा अंदाज असा की नदीवर धुकं येत असणार आणि दिव्याच्या नव्या काचेतून उजेड फुटत असणार. सुंदर असलं तरी ती चूक आहे. समितीने "जत्रा केलीत" म्हटलं तर मी काय बोलणार?

वायरमनला विचारलं तर म्हणतो, "बाई, मला कुठलीच कडी दिसत नाहीत." त्याला डोळे आहेत की सदऱ्याची बटणं? मी त्याला चांगलं झापलं आणि काचा बदलायला सांगितल्या. माझी मावशी सांगते म्हणजे आहेत.

आता महत्त्वाचं. समिती जानेवारीत पुलाची पाहणी करणार आहे. त्याआधी मला या कड्यांचा छडा लावायचाय. तू म्हणतेस बराच वेळ बसल्यावर दिसतात. मग तू आता तासभर बस, रोज. कडी कधी उमटतात, कुठल्या दिव्याला आधी, सगळं लिही. डोळ्यात तेल घालून बघ.

मी उद्यापासून डोंगरातल्या एका धरणावर चाललेय, तिथल्या बोगद्याला दिवे लावायला. तिथे फोन लागत नाही. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, ते जीपबरोबर वर येतं.

भुवई दुखते तर रफूचं काम जरा कमी कर ना.

ठिणगी


१९ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,

हे पत्र काका लिहीत आहेत. फोन करून थकलो. तुझ्या ऑफिसातली मुलगी म्हणते, पत्र दिलंत तर जीपबरोबर पाठवते.

तुझ्या मावशीचा उजवा डोळा गेला.

हे वाक्य मी लिहिलं आणि मलाच खरं वाटत नाही. शनिवारी संध्याकाळी ती तुझा पूल बघून उठली आणि डोकं धरून खाली बसली. डोळा लाल झाला, उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं पित्त. तीही म्हणाली, पित्त. मी आलं-लिंबू दिलं. तिला उजेड सोसेना म्हणून मी घरातले सगळे दिवे बंद केले, पडदे ओढले, म्हटलं पडून राहा. ती पडून राहिली. रात्रभर कण्हत होती. रविवारीही तसंच. दवाखाना बंद होता आणि मी म्हणालो, उतरेल. सोमवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, या डोळ्याने तुम्ही दिसत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या मला ओरडल्याच. "इतका वेळ काय करत होतात?" डोळ्याच्या आत पाण्याचा दाब चढला होता. त्याने आतली नस मेली. दाब उतरवला, पण नजर परत येणार नाही. मी आयुष्यभर पाण्याचे दाब सांभाळले, ठिणगे. शहराची एक नळी फुटू दिली नाही. आणि घरात हे.

ती रडत नाही. उशीवर पडून विचारते, "एका डोळ्याने रफू होतं का हो?" जमेल तितक्या लवकर ये.

काका


५ डिसेंबर

मावशी,

सुखरूप पोचले. तुला सोडून यायला नको वाटत होतं. तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा तूच माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. काय म्हणावं तुला!

डॉक्टरीणबाईंशी मी तू झोपली असताना बोलले. डाव्या डोळ्याची रचनाही उजव्यासारखीच आहे, म्हणून त्यात लेझरने एक बारीक छिद्र पाडायचंय. त्यांचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, ते आलं की तुला बोलावतील. तोवर थेंब वेळेवर घाल. दिवसातून जितक्या वेळा सांगितलेत तितक्या वेळा, चुकवू नकोस.

आणि हो, पुलाकडे बघणं आता बंद. मला आता गरज नाही. समितीपुरतं सगळं जमलंय, उरलंसुरलं वायरमन बघून कळवेल. तू आराम कर, संध्याकाळी छान दिवे लावून रेडिओ ऐक, काकांशी भांड. पुलाचं डोक्यातून काढून टाक.

मी कामात बुडालेय म्हणून पत्र छोटं.

ठिणगी


१३ डिसेंबर

ठिणगे,

गरज सरो, वैद्य मरो.

तुझं पत्र काकांनी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मी म्हटलं, पुढचं वाचा. ते म्हणाले, एवढंच आहे. मला धक्का बसला, खरं सांगते. डोळा गेला तेव्हा बसला नाही इतका बसला. दोन डोळे होते तेव्हा तुझ्या टेबलावर माझी पत्रं. एक गेला की लगेच वायरमन! ज्याच्या डोळ्यांना तू बटणं म्हणालीस तोच ना हा? एका डोळ्याची साक्ष चालत नाही असं तुमच्या समितीत आहे का?

सुईत दोरा जात नाही. नेढं इथे दिसतं आणि दोरा भलतीकडे जातो. गिऱ्हाईकं येतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "राहू दे आजी, घाई नाही," आणि कोट परत घेऊन जातात. ते मी समजू शकते. त्यांचे कोट महाग असतात. पण तू?

म्हणून मी ठरवलं, हिला दाखवायचंच. काका संध्याकाळी फिरायला बाहेर पडले की मी दिवे घालवते आणि बसते. तासभर, तुझ्या नियमाने, एकदाही न उठता. ते थेंब घातले की सगळं मळकट दिसतं आणि भुवई ओढल्यासारखी होते. मळक्या नजरेने काय बघणार? म्हणून या आठवड्यात संध्याकाळचे थेंब घातलेच नाहीत. आणि ऐक आता, तुझ्या वायरमनला न सापडलेली गोष्ट मला सापडली. काचा बदलल्या तरी कडी आहेतच! डाव्या डोळ्यालाही अगदी तशीच दिसतात, निळी आत, तांबडी बाहेर. म्हणजे माझ्या गेलेल्या डोळ्याचा तो दोष नव्हताच. दोष तुझ्या दिव्यांत आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

काल डोकंही दुखलं थोडं. पण मी बरोबर होते याचा आनंद मोठा होता.

आता सांग, वायरमन बरा की मी?

मावशी


१७ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र उघडलं तेव्हा मी ऑफिसात उभी होते. "डाव्या डोळ्यालाही" इथपर्यंत वाचलं आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून साहेब धावत आले. मग फोन. काकांना मी काय बोलले मला आठवत नाही. दिवे लावा, सगळे दिवे लावा, थेंब घाला, आत्ता दवाखान्यात न्या, एवढंच ओरडत राहिले. ते "का? का?" विचारत होते आणि मी का ते सांगितलं नाही. तेव्हाही नाही.

आता सांगते. यंत्र आलं होतं, बाईंनी त्याच संध्याकाळी छिद्र पाडलं, डोळा वाचला, हे काकांनी रात्री कळवलं. त्यानंतर मी फोन खाली ठेवला आणि हे लिहायला बसलेय.

कडी दिव्यांत नव्हती, मावशी. ती तुझ्या डोळ्यांत होती. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेने वाहून जातं. तुझी वाट जन्मापासून अरुंद आहे, इतकी वर्षं त्याने काही बिघडलं नाही. पण माणूस अंधारात बराच वेळ बसला की बाहुली मोठी होते आणि अशा डोळ्यांत ती वाट बुजते. पाणी तुंबतं, दाब चढतो. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, भुवई दुखते. झोपलं की बाहुली बारीक होते, वाट मोकळी होते, सकाळी काही नाही. तू मला हे सगळं जसंच्या तसं लिहून पाठवत होतीस. आणि मी काय लिहिलं? अर्धा तास बस. पाऊण तास बस. तासभर बस.

अंधारात तुला मी बसवलं. दुसऱ्या कुणी नाही.

याहून वाईट पुढे आहे. तू झोपली असताना दवाखान्याच्या जिन्यात बाईंनी मला विचारलं, "यांना अंधारात बसायची सवय आहे का?" मी म्हणाले, "कल्पना नाही." त्यांनी अंधाराचं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्यात छिद्र पाडून होईपर्यंत त्यांना अंधारात अजिबात बसू देऊ नका, कारण नीट समजावून सांगा." मी म्हणाले, "सांगते." आणि वर तुझ्या खोलीत आले. तू जागी झाली होतीस, "चहा घेतलास का गं?" म्हणालीस. मी "घेतला" म्हणाले आणि तुझी उशी नीट करत बसले.

मग पत्रात सांगू म्हटलं. पत्रात मी वायरमन लिहिला. कारण लिहायचं तर तुझ्या घरात अंधार कुणी आणला तेही लिहावं लागलं असतं. मला वाटलं, तिला बघायला बंदी केली की झालं, कारण कळायची काय गरज? तू रुसशील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. रुसून पुन्हा तिथेच जाऊन बसशील हे तर नाहीच.

पुलाचं काम मी सोडतेय. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. पुन्हा कुठल्याच दिव्याला हात लावायचा नाही असं वाटतं.

क्षमा माग असं माझं मन सांगतं, पण कुठल्या तोंडाने मागू?

ठिणगी


९ जानेवारी

ठिणगे,

तुझं पत्र काका मोठ्याने वाचत होते. जिन्यापर्यंत आले आणि थांबले. मी म्हटलं, वाचा. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाकीचं मी स्वतः वाचलं, भिंग घेऊन, एकेक अक्षर. उत्तर द्यायला उशीर झाला तो आजारपणाने नाही. रोज लिहायला बसायची आणि रोज कागद फाडायची, रागाने.

उजव्या डोळ्याचं तुला काही बोलणार नाही. तुला माहीत नव्हतं, मला नव्हतं, चष्मेवाल्याला नव्हतं. काकांनी तर दिवे बंद केले ते माझ्या मायेपोटी. ते अजून झोपेतून उठून बसतात. त्यांना सांगून थकले की तुमचा दोष नाही. तुझाही नाही. उगाच ऊर बडवू नकोस.

पण डाव्याचं बोलणार. मी तुझ्यावर रुसून अंधारात बसत होते तेव्हा अंधार काय करतो हे या जगात तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. माझा उरलेला डोळा, माझी सुई, माझी भाकरी, सगळं तुझ्या एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य तू लिहिलं नाहीस. तू मला जपत नव्हतीस गं, स्वतःला जपत होतीस. मी तुला वाढवलं. तू कप फोडलास तरी धावत येऊन सांगायचीस. ती पोर कुठे गेली म्हणून मी अजून चकित होते. राग जाईल, असा राग किती दिवस टिकतो? पण आज गेलेला नाही, आणि गेला असं खोटं लिहिणार नाही.

काम सोडायचं मात्र मनातून काढ. माझा डोळा गेला तो गेला, वर तुझं काम गेल्याचं ओझं माझ्या डोक्यावर नको. त्या वायरमनची माफी माग. त्याला कडी दिसत नव्हती कारण ती नव्हतीच, आणि खरं बोलला म्हणून बिचाऱ्याने तुझी बोलणी खाल्ली.

समितीची माणसं काल घरी येऊन गेली, उजेड आत शिरतो का ते बघायला. एकजण म्हणाला, "आजी, जरा दिवे बंद करता का?" काका एकदम ओरडले, "या घरात दिवा बंद होणार नाही!" बिचारे घाबरलेच. खिडकीबाहेर डोकी काढून बघितलं, काहीतरी लिहून घेतलं आणि पसंत आहे म्हणाले. तेव्हा तू पास झालीस.

बाई म्हणतात, छिद्र पाडलंय, पाण्याला दुसरी वाट मिळालीय, आता अंधारात बसलात तरी चालेल. चालेल त्यांना. संध्याकाळ झाली की काका घरातले सगळे दिवे लावत सुटतात, स्वयंपाकघरातला, मोरीतला, गॅलरीतला. वीज वाचवायचं एकदाही बोलत नाहीत.

समितीची माणसं गेल्यावर मी खिडकी लावून घेतली आणि सवयीने तिथेच उभी राहिले. खोलीत लख्ख उजेड. पूल कुठेच दिसेना. काचेत एक म्हातारी उभी होती. तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता आणि दुसरा कुणाकडेच बघत नव्हता. मी केवढ्याने दचकले! आजारी पडल्यापासून आरसा बघितला नव्हता मी.

सगळे म्हणतात, पूल फार देखणा झालाय. असेल. मला तो बघायचा तर खोलीतला दिवा घालवावा लागेल, आणि माझा हात बटणापर्यंत जात नाही.

मावशी